उशीचं उघडं तोंड

१२ ऑगस्ट १९१६ आणि १३ ऑगस्ट १९१६. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानभूमीत पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, त्यावर अठराशेच्या वर नावं कोरलेली आहेत. हुद्द्यांच्या आणि पलटणींच्या त्या गर्दीत बायकांचीही नावं आहेत, त्यांतली ही दोन. एक एमी ओ'ग्रेडी, सिस्टर. दुसरी कॅथलीन पॉवर, स्टाफ नर्स. दोघी ऑस्ट्रेलियन लष्कराच्या परिचर्या सेवेतल्या, दोघी मुंबईत वारल्या आणि दोघींना नेलं पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं. पहिली बारा तारखेला, दुसरी तेराला. या दोन तारखांचं शेजारी-शेजारी असणं काही केल्या मनातून जात नाही.

गोळी लागून गेलेल्या सैनिकाबद्दल 'कशी लागली' हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. लढाईत गोळ्या असतातच. पण शिकलेल्या नर्सला पटकी व्हावी हे जरा वेगळं आहे. पटकी कशी होते हे तिला तोंडपाठ होतं. हवेतून नाही, नुसतं शेजारी बसल्यानं नाही. ती येते पाण्यातून, दुधातून, माशीच्या पायांवरून, आणि भांडं उचललेला हात न धुता तोंडाकडे गेला तर त्या हातावरून. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही तास ते पाच दिवस जातात. म्हणजे एकापाठोपाठच्या दोन दिवसांत दोघी गेल्या, तर एकीची सेवा करताना दुसरीला झाली असं म्हणण्यापेक्षा दोघींच्या ओठांना एकच काहीतरी लागलं असं म्हणणं जास्त पटतं. एक सुरई असेल, एक दुधाचा कप असेल. इतकं साधं.

या बायका शिकून काय येत होत्या, ते आधी पाहायला हवं. ऑस्ट्रेलियन लष्कराची अट होती तीन वर्षांचं रीतसर शिक्षण, तेही मान्यताप्राप्त रुग्णालयात. बाई अविवाहित किंवा विधवा हवी. ही तीन वर्षं म्हणजे लष्करी काही नव्हे. कवायत नाही, बंदूक नाही. पहिलं वर्ष बहुतेक खाटेभोवती जाई. गादी झटकायची, खालची चादर ताणायची, सुरकुती राहिली तर तिथेच पाठीला जखम होणार म्हणून पुन्हा ताणायची. कोपरा मुडपायचा तो असा, की चादर ओढली तरी निघू नये आणि रुग्णाचा पाय मात्र अडकू नये. त्यावर रबरी मॅकिंटॉश, त्यावर ड्रॉशीट. ड्रॉशीट मुद्दाम लांब घेऊन एका बाजूला जास्त खोचायची, म्हणजे खालचा भाग घामानं ओला झाला की रुग्णाला न उठवता दुसऱ्या बाजूनं थोडी ओढून कोरडा भाग पाठीखाली आणता येतो. मॅकिंटॉश नि ड्रॉशीट हे दोन शब्द आपल्याकडच्या वॉर्डांत आजही जसेच्या तसे वापरतात. आणि उशी ठेवताना अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला करायचं. का, असं विचारलं की कुणी सांगतं धूळ आत जाऊ नये म्हणून, कुणी म्हणतं मेट्रन दारातून फेरीला येते तेव्हा वॉर्ड नीट दिसावा म्हणून. मला दुसरं कारण खरं वाटतं. मेट्रनच्या नजरेला जे पहिल्यांदा दिसतं त्यावर सगळा दिवस ठरत असे.

दुसऱ्या वर्षी द्रावांची मापं. कार्बोलिक हे जंतुनाशक, वीसास एक आणि चाळीसास एक: पहिला मैल्यात टाकायला, दुसरा हात धुवायला. मर्क्युरी परक्लोराइड हजारास एक, हातांना आणि काचेच्या वस्तूंना. तो लोखंडी हत्यारांना लावायचा नाही, कारण पारा धातूवर बसून धार खातो. आणि पटकीच्या किंवा विषमज्वराच्या जुलाबात तर मुळीच ओतायचा नाही, कारण त्यातली प्रथिनं गोठतात, वरून साय धरल्यासारखा थर बसतो आणि आतले जंतू सुखरूप राहतात. म्हणून तिथे कार्बोलिकच. मैल्याइतकंच माप घ्यायचं, काठीनं ढवळायचं, झाकण घालून तास-दोन तास ठेवायचं आणि मगच बाहेर न्यायचं. हे 'ठेवायचं' फार महत्त्वाचं. घाईच्या वॉर्डात पहिली काट बसते ती याच तास-दोन तासांवर.

तिसऱ्या वर्षापर्यंत नाडी मोजताना घड्याळाकडे न बघताही आकडा सांगता येई म्हणतात. तेवढ्यासाठी तीन वर्षं पुरे होती.

मग १९१६ चा पावसाळा. हिंदुस्थान सरकारच्या मागणीवरून ऑस्ट्रेलियन नर्सेसच्या तुकड्या इकडे येऊ लागल्या. युद्ध संपेपर्यंत पाचशेच्या वर आल्या. मुंबईत तेव्हा मोठी इमारत दिसली की तिचं रुग्णालय होत होतं. फोर्टातलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९१४ मध्ये बांधून झालं होतं आणि लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये. मधली काही वर्षं त्या घुमटाखाली लष्कराच्या खाटा होत्या. आज शाळेची पोरं जिथे रांगेनं मूर्ती बघत जातात, तिथे कार्बोलिकचा वास होता. कुलाब्याला रुग्णालय, पुण्यात डेक्कन वॉर हॉस्पिटल, देवळालीला छावणीचं. माणसं येत होती बसऱ्याहून, जहाजानं.

बसऱ्याहून येणारी माणसं म्हणजे काय, हे आपण महाराष्ट्रात जरा विसरलोच आहोत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी फौज आधी गेली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या, १०३, ११०, ११७. टेसिफॉनच्या लढाईनंतर, १९१५ च्या नोव्हेंबरात, जखमींना मेजिदिया नावाच्या आगबोटीवर आणि तिच्या बाजूंना बांधलेल्या पडावांवर घालून नदीतून खाली आणलं. बसऱ्यात हॉस्पिटल जहाजावर थांबलेल्या मेजर कार्टर या डॉक्टरला दुरून वाटलं, बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. माणसं इतकी दाटून घातलेली की कडेपर्यंत सरकणंसुद्धा कुणाला शक्य नव्हतं. त्यानं हे वर कळवलं तर आधी त्यालाच दमदाटी झाली. पुढे चौकशी समिती बसली तेव्हा त्याची साक्ष सगळ्यांना वाचावी लागली. मला यात एक गोष्ट खुपते. त्या बोटीवर औषधं नव्हती हे आहेच, पण मुख्य उणीव होती ती भांडं देणाऱ्या आणि भांडं रिकामं करणाऱ्या हातांची. शल्यचिकित्सेआधीची गोष्ट, जी पहिल्या वर्षाच्या मुलीला शिकवतात.

२९ एप्रिल १९१६ ला, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, ब्रिटिश फौजेनं धरलेलं कूत हे गाव तुर्कांच्या हाती पडलं. आजारी कैद्यांतले काही अदलाबदलीत सुटून नदीमार्गे परत आले आणि पुढे हिंदुस्थानला पाठवले गेले. त्या मोहिमेतल्या आजाऱ्यांच्या अंगावर त्यांचा शिधा वाचता येई. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी, कारण पांढरा पाव आणि डब्यातलं मांस; कोंडा काढून टाकलेल्या पिठात ते जीवनसत्त्व उरतच नाही. देशी शिपायाला आट्यानं बेरीबेरीपासून वाचवलं, पण ताजी भाजी नाही म्हणून त्याच्या हिरड्या स्कर्व्हीनं सुजलेल्या. एकाच खंदकातले दोघे, दोन वेगळ्या उपासांनी आजारी. एकाला यीस्ट आणि अंडी, दुसऱ्याला लिंबू आणि पालेभाजी. आणि दोघांनाही खायला देताना हात आखडता, कारण महिनोन्‌महिने उपाशी आतड्याला एकदम भरपेट दिलं तर माणूस अन्नानंच जातो. चमच्यानं दूध, दोन तासांनी पुन्हा चमच्यानं दूध. शेजारच्या खाटेवरचा सोबती प्रेमानं बिस्किट देतो, तेवढं रोखायला नर्सनं डोळ्यांत तेल घालून बसायचं.

इथे एक आडवाट. हे दूध आणि हे डोळ्यांतलं तेल मुख्यतः गोऱ्या सैनिकांच्या वाट्याचं होतं. देशी शिपायासाठी पलटणीचं स्वतःचं छोटं रुग्णालय असे, तिथे त्यानं आपलं अंथरूण आपण न्यायचं, जेवणाचीही बरीचशी सोय आपली आपण करायची, अशी जुनी पद्धत. ती मोडून देशी फौजेसाठी रीतसर स्टेशन हॉस्पिटलं मंजूर झाली १९१८ मध्ये, म्हणजे युद्ध संपता संपता. तेव्हा साताऱ्या-रत्नागिरीच्या गड्याच्या पाठीखालची ड्रॉशीट ओढायला शिकलेला हात असेलच, याची खात्री नव्हती. युद्धकाळातल्या खास रुग्णालयांनी यात बरीच सुधारणा केली, हेही खरं.

जुलाबाचे रुग्ण सगळ्यांत जास्त. त्यातही दोन जाती, आणि चुकीच्या जातीला चुकीचं औषध दिलं की आठवडे वाया. अमीबाची आव असेल तर एमेटीनची सुई, रोज एक ग्रेन (सुमारे ६५ मिलिग्रॅम), दहाबारा दिवस. लेनर्ड रॉजर्स या डॉक्टरनं कलकत्त्यात १९१२ च्या सुमारास ती रूढ केली. त्याआधी इपेकाक, म्हणजे जिच्यातून एमेटीन काढतात ती मुळी, तोंडानं देत आणि रुग्ण ते ओकून टाकी. जंतूंची आव असेल तर मात्र एमेटीन फुकट, तिथे सल्फेटचे क्षार थोडे-थोडे, मैल्याला मळाचं रूप येईपर्यंत. दोहोंतला फरक ठरतो सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तोही मैला ताजा, कोमट असेल तरच. अमीबा गार झाला की हलायचा थांबतो, गोळा होऊन बसतो आणि मग तो ओळखू येणं कठीण. म्हणजे डॉक्टरच्या निदानाचं सगळं वजन एका नर्सवर, जिनं भांडं झाकून, गरम पाण्यावर धरून, लगबगीनं प्रयोगशाळेत पोचवायचं. कार्बोलिक टाकलेलं भांडं पाठवलं तर जिवंत अमीबा मिळणार नाही. टाकलं नाही आणि तसंच पडून राहिलं तर माशा आहेतच. कुठल्या भांड्यात काय टाकायचं नि कुठल्यात नाही, हे रोज, प्रत्येक खाटेला, वेगळं.

आणि भांडं तिच्या हातात नसायचंच.

मेलबर्नमध्ये तीन वर्षं ती स्वतः भांडी घासत आली होती. मुंबईत तिला कळलं की इथे प्रत्येक कामाला एक माणूस आहे. पाणी भिस्ती आणणार, चादरी धोबी नेणार, झाडू एकाचा, औषधाचा पेला दुसऱ्याचा, आणि मैल्याला फक्त मेहतर हात लावणार. तिनं फक्त बघायचं आणि सांगायचं, तेही दहाबारा हिंदुस्थानी शब्दांत. 'जल्दी', 'गरम पानी', 'अभी नहीं'. आपल्या हातांना काम नाही अशी कुरकुर या बायकांनी बरीच केलेली आहे, आणि तिच्यात गोऱ्या मेमसाहेबी ताठ्याचा अंशही होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण कुरकुरीत एक नेमका मुद्दा होता. शिकवलं हाताला होतं. वीसास एक कार्बोलिक घालून दीड तास झाकून ठेव, हे ज्याला कुणी कधी कारण सांगून शिकवलं नाही त्या मेहतराला, दोघांनाही न येणाऱ्या भाषेत, ती कसं सांगणार? आणि तो तरी का ऐकेल? पगार तुटपुंजा, हाताला वहाणेइतकंही संरक्षण नाही, वॉर्डात पटकी आली की पहिली गाठ त्याचीच. त्याचं नाव खडकीच्या दगडावर शोधायला जाऊ नये.

त्यातून मुंबईचा ऑगस्ट. चादरी वाळत नाहीत, शेगडीवर दोऱ्या बांधून वाळवायच्या, मग त्यांना कोळशाचा वास. प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी दमट हवेत आपणच पाणी पिऊन बसते आणि ऐन वेळी पट्टी आवळून धरत नाही. म्हणून तिचे डबे मेण लावून बंद ठेवायचे आणि उघडला तो डबा त्याच दिवशी संपवायचा. कातडी पट्ट्यांवर रात्रीत हिरवी बुरशी. पाण्याच्या टाक्यांत गढूळ पाणी. आणि माशा, दूध झाकायला मलमलीचा तुकडा, त्याच्या कडांना मणी ओवलेले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. असे मण्यांचे रुमाल आपल्या आज्यांच्या घरातही होते.

पटकीचा रुग्ण आला की पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं, याची रीत तेव्हा कलकत्त्यानं घालून दिली होती. तीही रॉजर्सचीच. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, पोटऱ्यांत गोळे, डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुऊन सुरकुतावी तशी, आवाज बसलेला, नाडी मनगटाला लागत नाही. रक्तातलं पाणी निघून जाऊन ते काकवीसारखं दाट होतं. किती दाट, हे मोजायला ग्लिसरीन नि पाण्याच्या मिश्रणाच्या छोट्या बाटल्यांची ओळ असे, प्रत्येकीची घनता शेजारच्या बाटलीहून दोन अंकांनी वेगळी. बोटाला टोचून रक्ताचा थेंब बाटलीच्या मध्यावर सोडायचा. बुडाला तर रक्त जड, तरंगत वर गेला तर हलकं, जिथल्या तिथे थांबला तर तोच आकडा. पाणी १००० धरलं तर निरोगी माणसाचा १०५६ च्या आसपास. १०६३ च्या पुढे गेला की वाट बघायची नाही, शिरेत सलाईन.

आणि सलाईन साधं नव्हे. एका पिंटाला, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोड्या जास्त उकळलेल्या पाण्याला, १२० ग्रेन मीठ आणि ४ ग्रेन कॅल्शियम क्लोराइड. नेहमीच्या सलाईनच्या दीडपट खारं. मीठ जास्त का, तर पाणी शिरेतून पुन्हा आतड्याकडे पळू नये, रक्तात टिकावं. आधी साधं सलाईन देत तेव्हा माणूस तासाभरासाठी उठून बसे, बोलू लागे, आणि पुन्हा कोसळे. जिथे शंभरातले साठेक जात होते, तिथे या रीतीनं तीसच्या आसपास जाऊ लागले. शीर मात्र सुईला सापडत नाही, ती रिकाम्या नळीसारखी चपटी झालेली असते. कोपराच्या आत कातडी कापून, शीर उचलून, तिच्यात चांदीची नळी बसवावी लागे. ते डॉक्टरचं काम. नर्सचं काम त्याआधी आणि त्यानंतर. रबरी नळी आधी द्रावानं पूर्ण भरायची, हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बाटली खाटेच्या वर दोन-तीन फूट. तीन-चार पिंट जाईपर्यंत नजर छातीवर: श्वास जड झाला, डोकं दुखतं म्हणाला, की चिमटा आवळायचा.

सगळ्यांत फसवी गोष्ट अंगाचा गारवा. हात लावला तर कातडी प्रेतासारखी गार, पण गुदद्वारातला पारा १०१ दाखवतो. नवखी नर्स गारव्याला भुलून गरम पाण्याच्या बाटल्या लावते, द्रावही गरम देते, आणि दोन तासांत ताप १०६ वर. म्हणून आधी आतलं तापमान. ते १०० च्या वर असेल तर द्राव तापवायचाच नाही. बाटल्या लावायच्याच तर फ्लॅनेलच्या पिशवीत, कातडीपासून वितभर लांब, कारण भान नसलेला माणूस भाजलं तरी सांगत नाही. इतकं सगळं बरोबर केलं तरी काहींना सलाईननंतर हुडहुडी भरून ताप चढे. त्याचं एक कारण पुढे १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकी संशोधिकेनं दाखवलं. पाणी नुसतं उकळून भागत नाही. साठवलेल्या पाण्यात वाढलेल्या जंतूंचं विष, जंतू मेल्यावरही, त्यात राहतं. १९१६ च्या नर्सनं ती हुडहुडी पाहिली असेल आणि स्वतःच्या हातांना दोष दिला असेल.

तोंडानं परमँगनेटच्या गोळ्या, दोन-दोन ग्रेनच्या, आधी दर पाव तासाला, मग दर अर्ध्या तासाला. आणि नंतरचे दोन दिवस लघवीचं माप. पटकीतून वाचलेला माणूस मूत्रपिंडं बंद पडून जातो, तेही चेहऱ्यावर तरतरी आल्यानंतर. त्यामुळे नातेवाइकाला, सोबत्याला, कधी डॉक्टरलाही वाटतं सुटला, आणि तक्त्यावर 'लघवी नाही' असं तीनदा लिहिलेली नर्स तेवढी गप्प असते.

ओ'ग्रेडी आणि पॉवर यांना हे सगळं ठाऊक होतं, असं धरायला हरकत नाही. ठाऊक नसतं तर त्या वॉर्डात टिकल्याच नसत्या. म्हणजे आजारी पडल्यावर आपल्या बोटांची कातडी त्यांनी पाहिली असणार. पुढचा अर्धा तास कसा जातो, शीर का सापडत नाही, दुसऱ्या दिवशी तक्त्यावर काय लिहितात, हे सगळं खाटेवर पडून, खालून, बघायचं. नर्सला रुग्णाची खाट खालून दिसत नाही एरवी.

मुंबईतल्या शिवडीच्या कब्रस्तानातून १९६२ च्या जूनमध्ये ६२९ जणांचे अवशेष खडकीला आणले. समुद्राकडून घाटावर. ज्या पुण्याच्या नावानं ती डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, तिथेच तिची आजारी माणसं उतरवून घेणारी मुंबईही शेवटी थोडीफार येऊन पडली. स्मारकावर नावं आहेत, आजाराचं नाव लिहायची पद्धत नाही. त्यामुळे 'पटकी' हा शब्द तिथे कुठेच नाही, आणि गवत मात्र फार नीट कापलेलं असतं.

पटकीचा रुग्ण गेला की वॉर्डात काय करायचं, तेही ठरलेलं होतं. मृतदेह कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या चादरीत गुंडाळायचा, दफन लगेच. चादरी वीसास एकमध्ये बुडवून ठेवायच्या, मगच धोब्याकडे. गादी जाळायची. लोखंडी खाट त्याच द्रावानं पुसायची, आधी वरच्या दांड्या, मग पाय, शेवटी चाकं. फरशी. मग हात, कोपरापर्यंत, नखांखालून, ब्रशनं. खाट कोरडी होऊ द्यायची. नवी गादी, खालची चादर ताणून, कोपरे मुडपून, मॅकिंटॉश, ड्रॉशीट एका बाजूला जास्त खोचून. ऑगस्ट असला की अभ्रा किंचित दमटच असतो. तो घालायचा, उशी थापटायची आणि उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला करून ठेवायची.